मर्सियाची लेक

मैथिली शारजातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. दोन हजार आठच्या ॲन्युअल डेसाठी तिने स्वतः एक नाटक लिहिलं होतं. त्याची नायिका एल्फविन, हजारेक वर्षांपूर्वीची इंग्लंडातली सॅक्सन राजकन्या. एल्फविनची आई मर्सियाचं राज्य चालवायची, किल्ले बांधायची, समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांशी झुंजायची. एका उन्हाळ्यात ती वारली आणि गादी लेकीकडे आली. पण वर्ष सरायच्या आतच सख्ख्या मामाने, वेसेक्सच्या राजाने, तिच्या हातून सगळा कारभार काढून घेतला आणि तिला आपल्या मुलखात नेलं. पुढे तिचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

एल्फविनचं काम मैथिलीच्याच मुलीला मिळालं होतं, तेही नाटक बसवणाऱ्या बाईंनी निवड करून. नववीतली शुभ्रा अल मजाज भागातल्या त्यांच्या फ्लॅटभर संवाद म्हणत फिरायची. एकदा मध्येच थांबून तिने विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट शी फाइट?"

"लढायचं तर बरोबर कुणीतरी लागतं गं," मैथिली म्हणाली.

नोव्हेंबरात एक दिवस तिचा नवरा सूर्यकांत दुबई मरीनातल्या बांधकामाच्या साइटवरून भर दुपारी घरी आला. बूट न काढताच सोफ्यावर बसला.

"खलास. प्रोजेक्ट बंद, आम्ही सगळे घरी. चार डिसेंबरची तिकिटं दिलीत."

नाटक अठराला होतं.

शेजारची कुलसुम, मूळची रत्नागिरीकडची, संध्याकाळीच आली. तिची यम्ना शुभ्राच्याच वर्गात होती. "मैथिली, पोरीला माझ्याकडे राहू दे. व्हिसा कॅन्सल झाला तरी महिनाभर राहता येतं. नाटक झालं की मी स्वतः तिला मुंबईत आणून सोडते. मला यायचंच आहे."

"बघते, भाभी," मैथिली म्हणाली. बघायचं मात्र तिच्या मनात नव्हतं. आपलं बिघडलं म्हणून मुलगी दुसऱ्यांच्या दारात ठेवायची, हे तिला सोसवेना. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला आणि शुभ्राचं काम दुसऱ्या कुणाला द्या, असं बाईंना सांगून टाकलं. शुभ्राशी घरी गेल्यावर निवांत बोलू, असं तिने ठरवलं होतं. पण तालीम त्याच दुपारी होती. बाईंनी सगळ्यांसमोर नवं नाव वाचलं. यम्नाचं.

शुभ्रा घरी आली, तिने संवादांचे कागद ओट्यावर ठेवले.

"यू टोल्ड देम फर्स्ट," एवढंच म्हणाली आणि कपाटातले कपडे बॅगेत भरायला लागली.

पुण्याला परतल्यावर शुभ्राने शाळा, कॉलेज सगळं नीट केलं. बंगळुरूला नोकरीला लागली. स्टेजवर पुन्हा कधी चढली नाही. दर रविवारी फोन करायची, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, बाबांच्या गोळ्या विचारायची. तिच्या बोलण्यात कधी चिडचिड नसे. मैथिलीला वाटे, एकदा तरी भांडावं हिने.

दोन हजार सोळात यम्नाच्या लग्नाला मैथिली एकटीच शारजाला गेली. शुभ्राला रजा मिळाली नव्हती. पाहुणे पांगल्यावर कुलसुमने चहा ओतला आणि कप पुढे करता करता म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलंय. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी शुभ्रा माझ्याकडे आली होती. म्हणाली, आंटी, मला इथे ठेवायचं आईला अजून एकदा विचारा ना, ती तुमचं ऐकेल. मी आले नाही. वाटलं, मायलेकींच्या मध्ये मी कोण?"

मैथिलीने कप तसाच खाली ठेवला. गॅलरीत जाऊन तिने बंगळुरूला फोन लावला.

"शुभ्रा, तेव्हा मी तुझ्याशी वाईट वागले."

"इट्स ओके, आई. किती वर्षं झाली."

"ओके नव्हतं ते."



"नव्हतंच," शुभ्रा म्हणाली. मग मीटिंग आहे म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी तिचा फोन आला नाही. मैथिलीनेही केला नाही. बुधवारी आला, तेव्हा शुभ्रा तासभर बोलली आणि त्यातलं पुष्कळसं ऐकवत नव्हतं. मैथिलीने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.