बर्फावर न्यायची पिशवी

"आता वाक बघू. आणिक वाक. कोंबडी धरतीयास असं समज," शामू म्हणाला.

विशाखा अंगणात वाकली. तिच्या पाठीवर खाकी कॅनव्हासची पिशवी होती आणि पिशवीच्या दोन्ही अंगांना, पट्ट्यांत अडकवलेले, दोन लांब बांबू होते. ते तिच्या डोक्याच्या वर हातभर गेले होते. शेजारची जयाबाई घागर कमरेवर तशीच ठेवून बघत उभी राहिली.

"अगं बया! पोरीच्या पाठीवर मांडव घातलास व्हय रं शामू?"

"फळ्या हैत असं समजायचं, जयाक्का. बर्फावर घसरायच्या. चढताना पाठीला बांधायच्या, उतरताना पायाला."

"परत उतरायचंच हाय तर चढायचं कशापायी?"

शामूनं बांबूंचे पट्टे आणखी आवळले. विशाखा बेळगावच्या कॉलेजात शिकत होती, तिथल्या एनसीसीत होती आणि अख्ख्या कॉलेजातून दोनच मुली स्कीइंग शिकायला मनालीकडे निघाल्या होत्या, त्यांतली ती एक. तिच्या आधी त्यांच्या गल्लीतून कुणी कोल्हापूरच्या पलीकडे गेलं असेल तर ते लग्नाच्या वऱ्हाडात. कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं, बूट, कोट, फळ्या सगळं तिथं मिळेल, पण रोज सकाळी डोंगरावर जाऊन संध्याकाळी परतायचं असतं, त्यासाठी पाठीवरची लहान सॅक आपापली आणा. नीट निवडून घ्या. बेळगावच्या लष्करी कॅम्पात भावकू सुभेदारांचं दुकान आहे, त्यांना त्यातलं कळतं.

विशाखानं हे घरी सांगितलं आणि शामूनं त्यातलं फक्त 'पाठीवरची सॅक' तेवढं ऐकलं. पुढच्या वेळी ती निपाणीला आली तेव्हा सॅक शिवून तयार होती.

यात त्याची चूक म्हणता येणार नाही. मिसरूड फुटल्यापासून तो एका तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत ताडपत्र्या शिवत आला होता. फाटलेल्या सांधायच्या, नव्या जोडायच्या, ट्रकवर घालायच्या झाकणांना कडा मारायच्या. त्याच्या हातचं काम पार कुठल्या कुठं जाऊन पावसात भिजून यायचं, पण ते बघून 'हे कुणी शिवलं' असं विचारण्याची वेळ कुणावर येत नसे. ताडपत्री गळली तरच शिवणाऱ्याची आठवण निघते. त्यामुळं आपल्या हातचं काहीतरी आपल्या पोरीच्या पाठीवरून बर्फाच्या डोंगरावर जाणार, या विचारानं तो थोडा हवेतच होता. मालकाकडून त्यानं चांगल्यातला तुकडा मागून घेतला, फक्त एक हंगाम तंबाखूच्या बोदांवर, गठ्ठ्यांवर, पडलेला. दोनदा साबणानं धुतला, उन्हात वाळवला. दोरा मेणवून घेतला. खांद्यांच्या पट्ट्यांत जुनी गोधडी भरली, कमरेला पट्टा दिला, छातीवर एक आडवा पट्टा दिला. मालूबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "एवढं माझं लुगडं कधी शिवून दिलं न्हाईस?" तर तो म्हणाला, "लुगडं शिवत नसत्यात." एरवी तो असं उलट बोलणारा माणूस नव्हता.

अंगणात विशाखानं सॅक पाठीवरून उतरवली, उलटसुलट केली, "लई भारी झालीया आप्पा," म्हणाली आणि खाली ठेवली. जरा वेळानं म्हणाली, "पर दुकानातलीच घेऊया की."

"का गं?"

"समद्यांच्या तसल्याच असत्यात."

शामूला ते लागलं. पण तो चिडला नाही. "असं करू," तो म्हणाला, "ही संगट घिऊन जाऊ. तुझा सुभेदार दोन्ही बगंल. जी चांगली ती तुझी. मग तर झालं?"

विशाखा गप्प बसली. ती का गप्प बसली हे शामूला कळलं नाही, आणि ते कळण्यासारखंही नव्हतं, कारण निपाणीच्या माणसाला एक गोष्ट मुळातच कळत नाही. बाहेरगावची बस गावात शिरली की आतली माणसं नाकाला रुमाल लावतात, पोरं शिंकायला लागतात, आणि निपाणीकर त्यांच्याकडे बघून म्हणतो, या लोकांना सारखी सर्दी कशी होते? तंबाखू घरात, अंथरुणात, पिठात, केसांत असते. जन्मल्यापासून जे नाकात आहे त्याचा वास कसा येणार? शामूनं पिशवी धुतल्यावर नाकाला लावून बघितली होती. तिला साबणाचा वास येत होता.

शनिवारी बापलेक बेळगावच्या बसमध्ये बसली. बस भरली होती. शामूनं पिशवी मांडीवर घेतली होती आणि काकतीपासून पुढं तर तो तिचे पट्टे सारखे करत होता, मुलगी दाखवायला निघाल्यासारखा. विशाखा खिडकीशी बसली होती. तिनं गार वारं असूनही काच उघडी ठेवली होती.

भावकू सुभेदारांचं दुकान कॅम्पात एका जुन्या कौलारू चाळीत होतं. लष्करानं मोडीत काढलेले बूट, मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या असा माल छतापर्यंत रचलेला. माणूस मूळचा खानापूरकडचा, शेतकऱ्याघरचा. पलटणीबरोबर बरीच वर्षं काश्मीरच्या बर्फात काढलेली. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तिथंच राहिली होती, आणि त्यामुळं तो बर्फाबद्दल बोलायला लागला की माणसं ऐकून घेत.

"पाठीवरचा पिट्ठू बगायला आलाय न्हवं? मोठा बगून भुलायचं न्हाय," तो विशाखाला म्हणाला. "मोठा असला की माणूस भरतंय, आणि भरलं की दमतंय. सकाळी जायाचं, सांजच्याला यायाचं. पाणी, खायाला कायतरी, एक जादा स्वेटर, हातमोजं. बास. आणि पाठीला असा चिकटला पायजे की वळताना मागनं ढकलणार न्हाय. बर्फात माणूस पडतंय ते पायानं न्हाय, पाठीवरच्या वज्ज्यानं."

त्यानं वरून एक हिरवा पिट्ठू काढला. लहान, साधा, बाजूंना फळ्या अडकवायच्या पट्ट्या असलेला. एका खांद्याची शिवण उसवलेली होती.

शामूनं तो दोन्ही हातांनी उचलून घेतला, आत हात घातला, शिवणीवरून बोट फिरवलं. दुकानात गेलं की तो प्रत्येक वस्तू अशी हातात घेऊन बघायचा. त्याचा बाप दुकानाच्या पायरीखाली उभा राहून लांबून बोट दाखवायचा. शामूनं बाबासाहेबांची वाट धरल्यापासून एकाही दुकानात लांबून बोट दाखवलं नव्हतं.

"काम बरं हाय," तो म्हणाला. मग त्यानं आपली पिशवी पुढं केली. "आता ही बगा सायेब. म्या शिवलीया."

भावकूनं ती घेतली आणि त्याचा चेहरा बदलला. आधी तो उगाच हसल्यासारखा होता, आता तो बघायला लागला. त्यानं कमरेचा पट्टा ओढला. छातीचा ओढला. एक घोंगडी गुंडाळून आत घातली, पिशवी विशाखाच्या पाठीवर चढवली आणि तिला डावीकडे वळायला लावलं, उजवीकडे वळायला लावलं, गुडघे वाकवायला लावले. पिशवी तसूभर हलली नाही.

"आण्णा, हे कुठं शिकला?"

"ताडपत्र्या शिवतो."

"शंभर नंबरी काम हाय. माझ्या दुकानात असला माल न्हाय."

शामूनं विशाखाकडे बघितलं. आयुष्यात इतका आनंद त्याला फार थोड्या वेळा झाला होता आणि तो लपवायची त्याला सवय नव्हती. "बगितलंस?" तो म्हणाला.

आतली शिवण बघायची म्हणून भावकूनं पिशवी खाली उतरवली, घोंगडी बाहेर काढली आणि तोंड उघडून डोकं आत घातलं. मग तो शिंकला. पुन्हा शिंकला. डोळे पुसत दाराकडे गेला, बाहेर जाऊन शिंकला आणि नाक लाल करून आत आला.

"निप्पाणी व्हय तुमचं?"

"व्हय," शामू म्हणाला. "का ओ?"

"तंबाखू हो! सगळ्या कापडात बसलीया."

"दोनदा धुतलीया."

"धुऊन जाणारी न्हाय ती." भावकू वाईट मनाचा माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली घेतला. "आण्णा, राग मानू नगा. तिथं वर हवेला वासच नसतोय. एकानं विडी शिलगावली तर पार दुसऱ्या टोकाला कळतंय. आणि उंचावर पयल्यांदा गेल्यावर डोस्कं धरतंय, पोटात मळमळतंय. त्यात हिच्यातली चपाती काढून खायाची म्हटलं तर पोरगी वकंल. चार दिवसांत खाली धाडून देतील तिला."

"आमच्या पोरीला न्हाय व्हायाचं तसं," शामू ठामपणे म्हणाला. "ती त्यातच वाढलीया. तिला कुठं वास येतोय? सांग की गं."

विशाखानं घोंगडी उचलली. ती तिची घडी घालायला लागली, घडी घातलेली पुन्हा उलगडून घालायला लागली.

"येतोय तुला?"

"आप्पा, जाऊ दे."

"कवाधरनं?"

"हॉस्टेलवर गेले, आणि पयल्या दिवाळीला घरी आले न्हवं," ती म्हणाली. "तवाधरनं."

शामूला ती पहिली दिवाळी आठवली. पोरगी आली त्या रात्री जेवली नव्हती. डोकं दुखतंय म्हणून बाहेर कट्ट्यावर निजली होती. मालूबाई म्हणाली होती, शिकली तशी मिजास वाढली. दर खेपेला पोरगी आली की पहिला दिवस असाच जायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून ती हसायला बोलायला लागायची. आता त्याला कळलं की ती एक दिवस नाक आवळून काढत होती. दोन वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं ते पिशवीचं नव्हे. आपल्या घराला कसला वास येतो हे आपल्या लेकीला ठाऊक आहे आणि आपल्याला कधीच कळणार नाही, याचं वाटलं.

विशाखानं घोंगडी खाली ठेवली. खाकी पिशवी उचलून तिनं छातीशी धरली.

"मी हीच नेणार," ती म्हणाली. "मला चालतंय. सवय होतीया दुसऱ्या दिवशी."

"आण हिकडं."

"न्हाय. सायेबच म्हणालेत न्हवं, दुकानात असली न्हाय म्हणून? मी हीच नेणार आप्पा." तिचा आवाज रडवेला झाला होता, आणि तिला रडायचं नव्हतं हे दिसत होतं.

शामूनं पिशवी तिच्या हातातून सोडवून घेतली. खांद्याचा पट्टा उलटा करून उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघितला.

"हे बग," तो म्हणाला. "हितं टाका लांब पडलाय. घाईत शिवली न्हवं. वज्जं पडलं की हितनंच उसवंल. डोंगरात उसवली म्हंजे काय करशील? न्हाय, ही न्यायाची न्हाय. सायेब, तुमच्या ध्येनात आलं न्हाय व्हय हे?"

भावकूनं पट्टा हातात घेतला. टाके एकसारखे होते, दुहेरी होते, सुभेदाराला त्यात खोट दिसली नाही. त्यानं शामूच्या तोंडाकडे बघितलं.

"व्हय की," तो म्हणाला. "बगितलंच न्हवतं म्या. कच्चा हाय टाका."

"मग ही हिरवी बांधा," शामू म्हणाला. "पर थांबा. ह्या खांद्याची शिवण गेलीया. अशी न्हाय द्यायाची पोरीला. दोरा हाय न्हवं तुमच्याकडं? सुई?"

"तुमच्याकडं असंल की."

शामूच्या बंडीच्या खिशात मेणवलेला दोरा आणि दाभण दोन्ही होतं. तो कुठंही त्याशिवाय जात नसे. "माझं नगो," तो म्हणाला. "तुमचंच द्या. आणि साबण हाय काय?"

मागच्या बाजूला नळ होता. शामूनं कोपरापर्यंत हात धुतले. पुसले, आणि पुन्हा ओले करून साबण लावला. मग एका काडीनं नखं कोरायला लागला. विशाखा त्याच्यामागं येऊन उभी राहिली.

"आप्पा, पुरे की."

"नखात ऱ्हातंय," तो म्हणाला.

हात हवेत धरून वाळवत तो आत आला आणि भिंतीशी खाली बसला. विशाखाकडून त्यानं दुकानातलं एक न वापरलेलं वर्तमानपत्र पसरून घेतलं आणि हिरवी सॅक त्यावर ठेवून घेतली. जाड कापड शिवताना शिवणारा ते दोन्ही गुडघ्यांत दाबून धरतो, पोटाशी घेतो, तेव्हाच टाका ओढायला जोर लागतो. शामूनं आयुष्यभर तसंच केलं होतं. आता त्यानं पाय आखडून घेतले आणि हात लांब करून दोन बोटांत पट्टा धरला. सुई आरपार जाईना. दोरा ओढताना त्याचे दंड थरथरत होते.

"मांडीवर घ्या की आप्पा," विशाखा म्हणाली. "त्यानं काय हुतंय?"

"नगो. धोतर निप्पाणीचं हाय," तो म्हणाला.

ती त्याच्यासमोर बसली आणि पट्ट्याचं दुसरं टोक तिनं धरलं. भावकू गिऱ्हाईक नसतानाही बाहेर जाऊन उभा राहिला. शामू अंगापासून लांब धरून सॅक शिवत होता. वेळ लागत होता, पण टाके सगळे सारखे पडत होते.