आवडाबाईच्या गळ्यातले दोष

ठाण्याच्या खाडीकाठी, बाळकुमात, धवलारणीची स्तुती करत नाहीत. तोंडावर नाही, पाठीमागे नाही, आणि माणूस शहाणा असेल तर मनातल्या मनातही नाही. लग्नात हळद लागल्यापासून वरात निघेपर्यंत जी बाई धवले म्हणते, देवांना नावानिशी मांडवात बोलावते, तिच्या गळ्यावर साऱ्या गावाचे डोळे असतात. त्यात कुणी "वा" म्हटलं की दृष्ट लागलीच म्हणून समजा. तेव्हा रीत अशी, की गाणं आवडलं तर खोड काढायची. थोडं आवडलं तर थोडी, आणि काळजाला भिडलं तर चांगली सणसणीत.

या रीतीप्रमाणे पाहिलं तर काळुरामची बायको आवडाबाई ही खाडीकाठची सगळ्यात नालायक धवलारीण होती. तिचा आवाज फाटका, तिची चाल बेसूर, तिचं पाठांतर कच्चं, असं बाळकुमापासून पार कल्याणच्या आगरी पाड्यांपर्यंत लोक एकमुखानं सांगत, आणि तिच्यावाचून कुणाच्या घरी हळद वाटली जात नसे. बैलगाडी पाठवून तिला न्यायचे, नवं लुगडं नेसवायचे, आणि परत सोडताना, "पुढल्या येलेला जरा बरा म्हन गो," असं बजावायचे. काळुराम स्वतः मिठागरावरचा माणूस. तोही, ती घरी आली की भाकरी मोडता मोडता विचारायचा, "मंग, पलाले का वऱ्हाडी?" ती हसायची. नवऱ्यानं असं विचारलं नाही तर ती घास घ्यायची नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं.

एकदा कल्याणहून वऱ्हाडाबरोबर आलेल्या एका मास्तरांनी भर मांडवात "काय दैवी आवाज आहे!" असं म्हटलं. मास्तरांचा हेतू चांगला होता. आवडाबाईचा गळा ती सबंध लगीनसराई बसला, आणि मास्तरांना पुन्हा बाळकुमात कुणी जेवायला बोलावलं नाही.

ती गेली तीही लग्नातच. वैशाखात शीळफाट्याच्या पलीकडे एका गावी धवले म्हणायला गेली, तिथं ताप भरला, आणि निरोप येईतो सगळं आटोपलं होतं. दिवस उन्हाळ्याचे, म्हणून तिकडेच अग्नी दिला. काळुराम आणि त्याचा मुलगा गणू, दोघंच काय ते पोचले. रखमाबाई, जी जन्मभर तिच्या जोडीला बसून धवल्याची दुसरी ओळ उचलायची, ती नेमकी पाय मोडून घरी पडली होती. तिला मैतरणीचं शेवटचं तोंड दिसलं नाही. दिवस-वार रीतसर झाले, गाव जेवलं. पण बाळकुमातून आवडाबाई गेलेली कुणी पाहिली होती ती गाडीत बसून, हसत, लग्नाला. त्यामुळे ती अजून तिकडेच आहे आणि वरात निघायला उशीर होतोय, असंच काहीसं लोकांच्या वागण्यात राहिलं. रखमाबाईच्या डोळ्यांतून तर टिपूस आलं नाही. विहिरीवर जाताना ती पूर्वीसारखीच आवडाबाईच्या दाराशी थांबायची आणि मग पुढं व्हायची.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी ठाण्याहून टांगा करून कर्णिक आले. हे मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे इकडचे माणूस. स्वच्छ धोतर, कोट, खिशाला पेन, बोलणं मऊ. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांच्याच कंपनीनं आवडाबाईला मोटारीत घालून मुंबईला नेलं होतं आणि तिचे सहा धवले भरून घेतले होते. मग कंपनीचे साहेब बदलले आणि त्या तबकड्या बाजारात आल्याच नाहीत. आवडाबाईही त्या विसरून गेली. तीन मिनिटांत गाणं संपवा म्हणणाऱ्या माणसांची तिला कीवच आली होती. तीन मिनिटांत तर गावदेवीलाही बोलावून होत नाही, असं ती म्हणायची.

"असं आहे काळुरामभाऊ," कर्णिक ओटीवर बसून म्हणाले, "कंपनी गोदाम मोकळं करते आहे. तबकड्यांचे साचे तांब्याचे असतात. ज्या गाण्याला गिऱ्हाईक आहे त्याचे साचे ठेवायचे, बाकीचे वितळवायचे, असा हुकूम आहे. बाईंचं गाणं मी ऐकलंय. पण माझं मत कोण विचारतो? इथल्या मंडळींना पसंत पडलं तर तबकड्यांचा संच बाजारात काढू. तेवढी त्यांची मतं लिहून न्यायची आहेत."

"आनी पसंत नाय पडला तर?"

"तर मग साचे जातील. नमुन्याचा एकच संच माझ्याकडे आहे, तोही परत करायचा आहे."

काळुरामनं "आईतवारी या" म्हटलं. टांगा वळून दिसेनासा झाला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण गावाला बायकोच्या गाण्याबद्दल मत द्यायला बोलावलंय.

त्यानं करता येईल तेवढं केलं. शेजारच्या सहदेवला गाठून म्हणाला, "आईतवारी जरा बरा बोल."

"कोनाला?"

"तिला. तिच्या गान्याला."

सहदेवनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही काळुरामनं त्याला घराला काडी लावायला सांगितलं होतं. "तिनं तुजा काय वाकडा केलाय रं?" त्यानं विचारलं. काळुराम घरी आला. कर्णिकांना गाठून आमची रीत अशी आहे म्हणून सांगावं, तर तीही पंचाईत होती. लोक खोड काढतात ते आवडलं म्हणून, असं सांगणं म्हणजे आडून स्तुतीच झाली. आणि ती नवऱ्याच्या तोंडून झाली, तर मास्तरांच्या कितीतरी वरताण.

रविवारी दुपारी अंगणात मांडव उभा राहिला. मांडवाशिवाय धवला ऐकायचा नसतो, म्हणून गणूनं चार बांबू रोवून वर आंब्याचे टहाळे टाकले होते. कर्णिकांना वाटलं, उन्हासाठी केलाय; त्यांनी आभार मानले. ग्रामोफोनची पेटी पाटावर ठेवली. गणूच्या बायकोनं, लक्ष्मीनं, पेटीला हळद-कुंकू लावलं, तिच्यासमोर तांदूळ मांडले. कर्णिकांनी पेटीला चावी दिली, सुई टेकवली आणि पेन काढून बसले.

आधी नुसती खरखर झाली. मग कंपनीनं घातलेली क्लॅरिनेट वाजली, आणि मग आवडाबाई आली.

काळुरामला तिचे शब्द ऐकू आलेच नाहीत. दुसऱ्या ओळीआधी ती श्वास घ्यायची, तेव्हा नाकातून बारीकसा आवाज यायचा. चुलीपाशी बसून फुंकर घालण्याआधीही तो तसाच यायचा. तो आवाज कंपनीनं बरोबर भरून ठेवला होता. त्याला तिची इतकी आठवण आली की बसल्या जागी त्यानं दोन्ही हातांनी जमीन धरली. आजूबाजूला कुणी हलत नव्हतं. आळीतली शेवंती तोंडात पदराचा बोळा धरून बसली होती. तबकडी संपली तरी सुई फिरत राहिली, आणि ती उचलायचं भान खुद्द कर्णिकांनाही नव्हतं.

"हं," ते भानावर येऊन म्हणाले, "कसं वाटलं? मोकळेपणानं सांगा."

गाव मोकळेपणानं बोललं.

"गला फाटलाय," सहदेव म्हणाला. आणि तोंड फिरवून तो खाडीकडे बघत बसला.

"म्हशीच्या पायात काटा भरला का ती आशीच वरडते," आळीतलाच महिपत म्हणाला आणि त्यानं उपरण्यानं नाक पुसलं.

"हलदीचा धवला हाय का मयताचा, ताच कलला नाय," शेवंती म्हणाली. "नवरी आयकल तर पलून जायल."

कर्णिक लिहीत गेले. प्रत्येक मतागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना गाणं मनापासून आवडलं होतं. पण ते पडले पांढरपेशे. धवल्यातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. दुसरी तबकडी लावली, तिसरी लावली. मतं खालावत गेली. सहाव्या धवल्यानंतर तर महिपतनं, असली बाई गावात निपजली ही गावाची बेअब्रू आहे, इथपर्यंत मजल मारली आणि त्याला पुढं बोलवेना.

"पुन्ना लावा," मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, आवडलं नाही ना?" कर्णिक चकित झाले. "मग पुन्हा कशाला?"

"आजून किती वंगाल हाय ता बगाया नको?" महिपत म्हणाला.

राहिली रखमाबाई. ती खांबाला टेकून बसली होती, डोळे कोरडे ठाक. कर्णिकांनी जरा आशेनं तिच्याकडे पाहिलं. ही बाईंच्या जोडीची. हिला तरी काही चांगलं दिसेल.

"आख्ख्या जल्मात," रखमाबाई एकेक शब्द मोजून टाकत म्हणाली, "आख्ख्या जल्मात मी इतका वंगाल आयकला नाय."

याच्यावर चढ कुणाला शक्य नव्हता. कर्णिकांनी तेवढं लिहिलं, पेनला टोपण लावलं आणि तबकड्या कागदी पिशव्यांत घालायला लागले.

"वाईट वाटून घेऊ नका," ते काळुरामला हळू आवाजात म्हणाले. "कंपनी मुद्दाम करत नाही. गावाचंच मत असं पडल्यावर माझा नाइलाज आहे. उद्या कळवून टाकतो. तुमचं विचारलं नाही, कारण घरच्यांचं मत धरत नाहीत."

पेटीचं झाकण खाली येत होतं. काळुराम त्याकडे पाहत होता. दृष्ट लागते ती जित्या माणसाला. जो नाही त्याला कुणाची दृष्ट लागणार? हे अंगणातल्या लहान पोरालाही कळत होतं, आणि तरीही सगळे दुपारभर खोडच काढत बसले होते. विचारलं असतं तर त्यानंही तेच केलं असतं. एकदा का तिला चांगलं म्हटलं, की ती शीळफाट्याच्या पलीकडे धवले म्हणत बसलेली नाही, हेही त्याच तोंडानं म्हटल्यासारखं होणार होतं. चिता पेटवतानासुद्धा त्यानं ते म्हटलं नव्हतं. पण आता नाही म्हटलं, तर तो श्वासाचा आवाजही तांब्याबरोबर वितळणार होता.

तो उठून उभा राहिला.

"बेस गायची," तो म्हणाला. आवाज फारच मोठा लागला, म्हणून त्यानं जरा हळू पुन्हा म्हटलं. "माजी बायको लय बेस गायची. तिच्यावानी कोन गायला नाय, आनी आता कोन गानार नाय."

लक्ष्मी सवयीनं दृष्टीच्या मीठ-मिरच्या आणायला धावली. मूठ भरून घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यात थबकली. ओवाळायचं कुणावरून, ते तिला कळेना. तिनं सासऱ्याकडे पाहिलं. काळुरामनं मान हलवली. तिनं मूठ तशीच पदरात सोडली.

मग सहदेव खाली बघत म्हणाला, "खरा हाय. माज्या हलदीला तिनं देव बोलावले, तवा मना वाटला, आलेच." आणि बांध फुटावा तसं सगळं अंगण बोलायला लागलं. शेवंतीला बारा वर्षं पोटात ठेवलेला एक धवला आठवला, महिपतला सगळेच आठवले. तिचा आवाज खाडीपलीकडे कसा जायचा, मिठागरावरची माणसं फावडी टाकून कशी ऐकत उभी राहायची, थकलेल्या नवरीच्या पाठीवर हात ठेवून ती कशी म्हणायची. जन्मभर साठवलेली स्तुती माणसं एकमेकांच्या अंगावर ओतत होती. कर्णिकांनी टोपण काढलं आणि आधीचं सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. काय झालं ते त्यांना समजलं नव्हतं, पण समजून घ्यायला ते थांबले नाहीत.

"गप बसा!"

रखमाबाई खांबाला धरून उभी राहिली होती. लंगडत ती थेट काळुरामसमोर आली आणि तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली. "गप बस मेल्या! कशाला बोललास? चांगली व्हती ना ती तिकरं, लगनात? कशाला बोललास तू?"

काळुराम जागचा हलला नाही. तिनं आणखी एकदा मूठ उगारली, ती खाली आलीच नाही. ती मांडवात मटकन बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि वैशाखापासून कोंडलेलं रडणं तिच्या पोटातून वर आलं. "गेली गो! माजी बाय गेली गो!" रडता रडता सूर लागला, तो जोडीच्या बाईचा सूर होता. दुसरी ओळ उचलायचा.

बोलणारे सगळे थांबले. कर्णिकही थांबले. हातातला कागद घेऊन ते अवघडून काळुरामजवळ आले.

"या बाईंनी मघाशी फारच वाईट मत दिलं होतं," ते कुजबुजले. "आता त्यांचं काय लिहू? पसंत की नापसंत?"

"पसंत," काळुराम म्हणाला, आणि जाऊन रखमाबाईच्या शेजारी बसला.