पाव वळसा

शून्य.

शर्वरीनं तुरीच्या रोपाला कोनमापक पुन्हा लावून पाहिला. आठव्या कुंडीलाही शून्य. खिडकी पूर्वेला, उजेड एकाच बाजूनं, आणि तीन आठवडे झाले तरी एकही रोप उजेडाकडे झुकलेलं नव्हतं.

झारी घेऊन उभ्या असलेल्या माळी एकनाथरावांना तिनं सांगितलं, की सोमवारपर्यंत असंच राहिलं तर मार्गदर्शक सर तिचा संशोधनाचा विषयच बंद करणार. दोन वर्षं पाण्यात. पुण्याला घरी काय सांगायचं, तेही कळेना.

तारनाक्यातल्या संस्थेच्या या काचघरात एकनाथरावांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यांच्या हातचं रोप कधी तिरपं निघालं नव्हतं. पाहुणे आले की त्यांची रांग मुद्दाम दाखवली जायची. ती इतकी सरळ कशी, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

शून्य.

दुपारी डबा न उघडताच ते परत आले. तुरीची ही जातच आंधळी, असं शर्वरी वहीत लिहीत होती.

"तुरीला नावं ठेवू नका, मॅडम. मीच फिरवतो."

"काय फिरवता, काका?"

"कुंड्या. साडेसातला, धाला, एकला, चारला. दर फेरीला पाव वळसा. नाय तर झाडं खिडकीकडं पळतात, रांग खराब दिसते."

शर्वरीनं वही मिटली. "तीन आठवडे?"

"एकतीस साल. परेशान नका होऊ. सरला मी सांगतो, मेरीच गलती म्हणून."

एखादी फेरी कधी चुकली का, असं तिनं विचारलं. इतवारी बी येतो, ते म्हणाले, थोडं दुखावूनच.

मग तिनं कुंड्यांच्या बाकावर खडूनं रेघ ओढली. अलीकडच्या चार कुंड्या तुलनेसाठी त्यांनी नेहमीसारख्या फिरवायच्या, पलीकडच्या चारांना हात लावायचा नाही. सरांकडून तिनं आठ दिवस वाढवून घेतले.

सहा अंश.

पलीकडच्या चारांना पाणी घालताना एकनाथराव डावा हात पाठीमागे धरू लागले.

सतरा.

घरी त्यांच्या बायकोनं, त्रिवेणीनं, टोमणा मारला, की पोरीच्या लग्नातही हे एवढे कासावीस नव्हते.

चौतीस.

आठव्या दिवशी सर आले. न वाकलेली चार रोपं बघून त्यांनी विचारलं, फिरवायचं यंत्र कुठून मिळवलं. यंत्र नाही, एकनाथराव फिरवतात, असं सांगत शर्वरीनं त्यांच्या फेऱ्यांचा तक्ता पुढे केला. सरांनी तो दोनदा वाचला आणि काम चालू ठेवायला सांगितलं.

तेवढ्यात विभागप्रमुख बाई पाहुण्यांना घेऊन आत आल्या. पलीकडच्या कुंड्यांपाशी त्या थबकल्या.

"ही एवढी वाकडी कुणी होऊ दिली?"

"मी, मॅडम," एकनाथराव म्हणाले, आणि त्या चार रोपांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.