म्युरिएलच्या खिशातला काळा चेंडू

काळा चेंडू हरवल्याचं कळलं ते गुरुवारी, म्युरिएलला पुरलं त्याच आठवड्यात. पबची मालकीण ब्रेंडा हिने बगाटेलचं, म्हणजे काठीने चेंडू भोकांत ढकलायच्या खेळाचं, टेबल पुसलं, लाल-पांढरे चेंडू मांडले आणि विचारलं, काळा कुठाय?

आर्नल्डच्या तोंडचं पाणी पळालं. म्युरिएल त्याची बायको आणि पबच्या संघातली सगळ्यात पक्की खेळाडू. सामन्याआधी ती काळा चेंडू घरी नेऊन निळ्या स्वेटरच्या खिशात ठेवायची. ऊब मिळाली की तो सरळ पळतो, म्हणायची. आणि शवपेटीत आर्नल्डने तिला घातला होता तो नेमका तोच स्वेटर.

त्याने सांगून टाकलं. संध्याकाळी शेजारगावाशी सामना होता, म्युरिएलच्या नावाने ठेवलेला. पहिला फटका काळ्यालाच मारायचा असतो. काळा नाही तर सामना नाही.

"पाद्रीबाबांना विचारून बघू का?" कप्तान स्टॅनली हळूच म्हणाला. "माती अजून भुसभुशीत असेल."

"तिला हात लावलास तर तुला तिच्याच शेजारी झोपवीन," आर्नल्ड म्हणाला. "आणि ती तुला झोपू द्यायची नाही."

म्युरिएल असती तर एकच शब्द बोलली असती. छप्पर गळलं, बगाटेल. दात पडला, बगाटेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ किरकोळ, असं ती सांगायची. फ्रान्स तिने कधी पाहिला नव्हता. त्या शब्दाने आर्नल्ड जन्मभर चिडत आला होता.

शेवटी ब्रेंडाने लोणच्याची बरणी काढली. त्यातला व्हिनेगरमध्ये मुरलेला मऊ अक्रोड काळाकुट्ट आणि बऱ्यापैकी गोल होता. पुसून तोच मांडला. पाहुण्यांचा कप्तान हर्बर्ट याची नजर अधू. आंबूस वास कसला येतोय, एवढंच त्याने विचारलं.

आर्नल्डने काठी मारली. अक्रोड फुटला. अर्धा भोकात गेला, अर्धा हर्बर्टच्या टायवर.

अर्ध्या अक्रोडाचे गुण किती, यावर दोन्ही गावांची जुंपली. हर्बर्ट टाय धरून उभा होता. "माझ्या लग्नातला टाय आहे हा," तो म्हणाला.

"बगाटेल," आर्नल्डच्या तोंडून निघून गेलं.

मग तो हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसू थांबलं, पाणी थांबेना. ब्रेंडाने त्याला टेबल पुसायचं फडकं दिलं. सामना बरोबरीत सोडवला.

नवा काळा चेंडू आणायचं काम आर्नल्डने स्वतःकडे घेतलं. दर गुरुवारी स्टॅनली विचारतो, ब्रेंडा बरणी काढते. चेंडू अजून आणलेला नाही.