भालेवाला स्वार कुणाचा?

मोसुलजवळच्या आमच्या बाशिका गावात खिद्र इलियास या आमच्या घोडेस्वार संताच्या सणाला आम्हा यझिदींच्या बिनलग्नाच्या पोरी उपास धरतात, रात्री खारट भाकर खातात आणि पाण्याचा थेंब न घेता निजतात. स्वप्नात जो पाणी पाजेल तो नवरा. लबाडीला याहून सोपं व्रत नाही. म्हणून यंदा माझ्या खलफची लेक, नात झरीफे, उपासाला बसली तेव्हा माठ मी फडक्याने बांधून माझ्या उशाशी ठेवला.

सकाळी माझी लेक बस्ना मिठाईचं तबक घेऊन हजर. तिच्या लेकासाठी, खैरीसाठी, झरीफेचा होकार आज द्यायचा होता. या घरात होकार मी देते.

"बोल गं, कोण आला?"

"घोड्यावरचा स्वार, आजी." ओठ फुटले होते पोरीचे. "पांढरा घोडा, हातात भाला. त्यानेच ओंजळीत पाणी ओतलं."

"आणि आमचा खैरी?" बस्नाने विचारलं.

"दिसला नाही, आत्या."

भाला! मला तिथेच वास आला. आमचा खिद्र भाला बाळगत नाही. भाला असतो शेजारच्या शमुनीच्या मार गिवर्गिसला, ख्रिस्त्यांच्या त्या अजगर मारणाऱ्या संताला. आणि शमुनीला वीस वर्षांचा नातू आहे. आमच्यात धर्माबाहेर पाऊल टाकलं की परतीचं दार नसतं. पायात चपला अडकवल्या आणि तिच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"तुझा नातू कुठाय?"

"उन्हाळ्यापासून जर्मनीत भांडी घासतोय. सकाळी सकाळी त्याच्यावर का उठलीस, खलफच्या आई?"

"तुझ्या स्वाराचं चित्र दाखव."

तिने भिंतीतला नुसता खिळा दाखवला. "काळे झेंडेवाले गावात शिरले तेव्हा चित्र जाळून गेले, विसरलीस? त्याआधी तुझी झरीफे, एवढीशी, रोज यायची. त्याच्या घोड्याला खजूर भरवायची. चिकट करून ठेवला होता मेला घोडा!"

"म्हणजे तुमचाच स्वार शिरला तिच्या स्वप्नात."

"तुमचा-आमचा कसला? अजगर मारला की आमचा, पाणी पाजलं की तुमचा, हिरवा अंगरखा घालून वाट दाखवली की मोसुलच्या मुसलमानांचा. मला तर घोडा एकच दिसतो."

"मूळचा आमचा. तुम्ही उसना नेलात."

"मग काल रात्री परत केला ना! आता भांडू नकोस."

या बाईच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. घरी आले. माठाच्या फडक्याची गाठ मी बांधली तशीच होती. पोरगी तहानलेलीच निजली होती, एवढं तरी खरं.

बस्ना तोंड फुगवून बसलेली. "आई, कार्टी खोटं बोलतेय."

"बोलत असेल. माझी नजर आहे तिच्यावर. पण तुझा लेक चार घरं सोडून राहतो ना? तहानलेल्या पोरीच्या स्वप्नात तेवढंही चालत येणं झालं नाही त्याच्याने?"

"स्वप्नावर का कुणी सोयरीक मोडतं?"

"स्वप्नावर जुळवायला तूच आली होतीस, तबक घेऊन." मी ते तिच्या हातात परत दिलं. "यंदा होकार नाही. पुढच्या सणाला खैरीलाही खारट भाकर खायला घाल. तो कुणाच्या हातचं पाणी पितो, तेही कळू दे मला."