जोग्याची साक्ष

मी जोग्या बोलतोय. नावावरून कुणी बैरागी वगैरे समजू नका, मी साधा काळा दगड आहे. पारशिवनीच्या अलीकडे पेंच नदी जिथे जरा रुंद होते, तिथे पात्राच्या मधोमध मी बसलो आहे. लांबून पाहिलं तर मांडी घातलेल्या माणसासारखा दिसतो, म्हणून गावानं हे नाव ठेवलं. कधीपासून बसलोय ते विचारू नका. गाव नव्हतं तेव्हाही मी होतो, एवढं सांगतो.

माझा स्वभाव थोडा गर्विष्ठ आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या अगदी शेजारून नदीचा उतार जातो, म्हणजे पायी ओलांडायची वाट. गावाची निम्मी शेतं पलीकडच्या काठाला. पूल आहे, पण तो खूप खाली, एवढा वळसा कोण घेणार? म्हणून काठावर आलेला माणूस आधी माझ्याकडे बघायचा. पाणी माझ्या मांडीवर असलं तर पोरंबाळं घेऊन खुशाल जावं. पोटावर आलं तर फक्त गड्यांनी जावं. गळ्याशी आलं तर मुकाट्यानं घरी जाऊन झोपावं.

प्रेमिला लग्न होऊन गावात आली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, नत्थूजींनी, तिला काठावर आणून मला दाखवलं होतं. "पोरी, माणूस खोटं बोलन, जोग्या नाही बोलत. आधी त्याले पाहाजो, मंग पाय टाकजो." हे ऐकून मी मनातल्या मनात असा फुगलो होतो की काय सांगू.

पावसाळा सरला की उतार उघडायचा मान नत्थूजींचाच. ते एकटे पाण्यात उतरत, माझ्यापुढे नारळ फोडत, पलीकडे जाऊन परत येत. ते काठावर चढले की बायका लुगडी खोचून कापूस वेचायला निघत. ज्यानं नारळ फोडला त्यानंच आधी उतार तुडवायचा, अशी इथली रीत.

मग दुर्गेशचे ट्रॅक्टर आले. दुर्गेश याच गावचा. लहानपणी माझ्या खांद्यावरून पाण्यात उड्या मारायचा, भारी खोडकर पोर. ट्रॅक्टरमागून टिप्पर आले, टिप्परमागून वाळू उपसणारं पोकलेन. वाळूघाटाचा सरकारी लिलाव झालेला नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण वाळू भर दुपारी निघायची. कुणी तपासायला येणार असलं की दुर्गेशचा फोन आधीच वाजायचा, आणि ते अवाढव्य पोकलेन बाभळींच्या आड जाऊन गरीब गाईसारखं उभं राहायचं.

वाळू जायची नागपूरला. मनीषनगरात म्हणे इमारतींमागून इमारती उभ्या राहत होत्या. गावालाही काही मिळालं नाही असं नाही. देवळाच्या सभामंडपाला दुर्गेशनं फुकट वाळू दिली, आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. कुसुमताई उन्हाळ्यात वाळूवर डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावायची. तिची ती अख्खी डांगरवाडी माझ्या डोळ्यांदेखत टिप्परमध्ये गेली. ती काठावर बसून रडली आणि संध्याकाळी त्याच सभामंडपात भजनाला गेली. विहिरी हिवाळ्यातच तळ दाखवू लागल्या. हापशीचा दांडा हाणून हाणून बायकांचे खांदे भरून यायचे, नळीतून नुसती हवा यायची. लोक म्हणाले, यंदा पाऊसच कमी झाला.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आदल्या रात्री, पोकलेन उतारात शिरलं. माझ्या कुशीतली वाळू त्यानं ओरबाडून नेली. मी मुळापासून कातळ, म्हणून जागच्या जागी राहिलो. माझ्या शेजारी मात्र दोन पुरुष खोल खड्डा पडला. वर धरण आहे, नवी वाळू फारशी उतरत नाही. पावसाळ्यात खड्डा गढूळ पाण्यानं भरला आणि वरून सगळं पात्र पहिल्यासारखं सपाट दिसू लागलं. पाणी ओसरत ओसरत माझ्या मांडीवर येऊन थांबलं. त्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटली.

नत्थूजी नारळ घेऊन आले. माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि पाण्यात उतरले. मी किती ओरडलो! दगडाचं ओरडणं ऐकणार कोण? माझ्याजवळ पोचता पोचता ते एकदम खाली गेले. नारळ तेवढा वर आला.

दुसऱ्या दिवशी ते खाली पुलाजवळ सापडले. पंचनाम्याला आलेल्या माणसानं काठावरून विचारलं, "इथे पाणी किती?" दुर्गेश हात जोडून पुढे झाला. "साहेब, जोग्याच्या मांडीवर पाणी म्हंजे गुडघाभर. गावात कोणालेही विचारा." सगळ्यांनी माना डोलावल्या. नत्थूजींचा मुलगा, प्रेमिलाचा नवरा रुपराव, त्यानंही डोलावली. "बाबाले चक्कर आली असन," तो म्हणाला. माझ्या साक्षीवर दुर्गेश सुटला. इतकी वर्षं मिरवलेला माझा खरेपणा असा कामी आला, आणि मला माझीच किळस आली.

त्यानंतर उतार बंद होता. पलीकडे कापूस फुटून लोंबायला लागला, तेव्हा गावाला घाई झाली. दुर्गेश म्हणाला, जोग्यानं माझी लाज राखली, मी त्याला शेंदूर लावतो, यंदा उतार मीच उघडतो. लोकांना ते पटलं.

तो दिवस आजचा. काठावर सगळं गाव जमलं आहे, बुंदीची परात आहे, बायकांच्या कडेवर पोरं आहेत. दुर्गेश आला. पण उतारातून आला नाही. वरच्या अंगाला कातळाची शेवाळलेली धार आहे, मासे धरणाऱ्यांखेरीज तिथून कुणी जात नाही. त्या धारेवरून तो सरपटत माझ्यापर्यंत आला. मला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि परत धारेकडे वळला.

"दुर्गेश," काठावरून प्रेमिलानं हाक मारली. "तिकडून कुठी चालला गा? उतार उघडायचा राहिला ना."

"वहिनी, पाय मुरगळला. इकडूनच बरं पडते."

"मुरगळल्या पायानं शेवाळावरून आला?"

"राहू दे वं," रुपराव तिला म्हणाला. मग त्यानं त्या धारेकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो म्हणाला, "ये ना दुर्गेश. गुडघाभरच तं पाणी हाय. साहेबाले तूच सांगतलं."

कुणीही बुंदीला हात लावलेला नाही. सगळं गाव दुर्गेशच्या पायांकडे बघून राहिलं आहे. तो माझ्या खांद्याला धरून उभा आहे, आणि त्याच्या हाताचा घाम शेंदरात मिसळून माझ्या अंगावरून ओघळतो आहे.

"तू नाही येत तं मी येते," प्रेमिला म्हणाली. तिनं लुगडं खोचलं आहे. तिनं एक पाऊल पाण्यात टाकलं आहे, आता दुसरं. काठाजवळ अजून वाळू आहे, म्हणून ती उभी आहे. तिची नजर माझ्यावर नाही, त्याच्या तोंडावर आहे.

दुर्गेशा, अरे, माझं ओरडणं तिला ऐकू जात नाही. तुझं जाईल. ती अजून चालते आहे. बोल.