फीड बंद झाल्याची ओळ

जी माणसं एकच वेबसाइट दिवसातून वीस वेळा उघडून नवीन काही आलं का ते बघतात, त्यांच्याबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. पाच मिनिटांपूर्वी जे नव्हतं ते आता आलं असेल म्हणून बिचारे बोटं आपटत बसतात. मी सरकारी भरती मंडळाची साइट सांभाळतो. सांभाळतो म्हणजे तिची यंत्रणा. मजकूर आवक-जावकवाल्या बाई टाकतात, कोणती सूचना कधी टाकायची ते त्यांना वरून येतं, आणि मी त्यात नाक खुपसत नाही. पण साइटवर येणाऱ्याने येताना डोकं सोबत आणावं, एवढी माझी अपेक्षा होती. नऊ वर्षं ती काही पुरी झाली नाही.

साइटच्या कोपऱ्यात मी एक नारिंगी बटण ठेवलं होतं. ते दाबलं की एक पत्ता मिळायचा, तीच मंडळाची फीड. तो पत्ता फीड रीडर नावाच्या फुकटच्या प्रोग्राममध्ये एकदा चिकटवला की काम संपलं. मंडळाने सूचना टाकली की ती आपसूक तुमच्यासमोर. नाव द्यायचं नाही, पासवर्ड नाही, कोणाची मनधरणी नाही. ज्यांना तेवढंही झेपत नव्हतं त्यांच्यासाठी शेजारीच ईमेलची सोय होती. पत्ता द्या, सूचना निघाली की जशीच्या तशी ईमेलने येईल. याहून सोपं करायचं तर मला घरोघर फिरून सूचना वाचून दाखवाव्या लागल्या असत्या. या सोयीच्या जोरावरच मंडळाने प्रतीक्षा यादीतल्या उमेदवारांना टपालाने पत्रं पाठवणं बंद केलं. तसं करावं असं टिपण मीच लिहिलं होतं आणि ते मंजूर झालं तेव्हा माझी कॉलर बरीच ताठ झाली होती.

तरी फोन यायचे. त्यातले फोनवाले काका म्हणजे कहर. त्यांची मुलगी प्रयोगशाळा सहायकाच्या प्रतीक्षा यादीत होती. काका रोज बरोबर साडेअकराला फोन करत. बाई वैतागून 'तांत्रिक प्रश्न आहे' असं म्हणत आणि तो फोन माझ्या गळ्यात मारत.

"साहेब, यादी हलली का?"

"काका, मी तुम्हाला सहा वेळा सांगितलंय. ते नारिंगी बटण दाबा, तो पत्ता घ्या..."

"अहो, मला ते नाही जमत. मी आपला फोन करतो ना. तुम्हाला त्रास होतो का?"

"त्रास कसला," मी म्हणायचो. "रोज तेच विचारायचं असेल तर विचारा. उत्तर रोज तेच मिळेल."

"चालेल की," काका म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला पुन्हा हजर. फोन ठेवल्यावर मी त्यांची नक्कल करून दाखवायचो आणि बाई हसायच्या. अशा माणसाच्या हातात फोन देणं हीच मुळात चूक आहे, असं मी म्हणायचो.

माझं बोलणं पहिल्या झटक्यात कळलेली एकच व्यक्ती मला भेटली, ती म्हणजे आमची वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. वहिनी रसायनशास्त्र शिकलेली, लग्नानंतर बारा वर्षं घरात अडकलेली, आणि दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा अभ्यासाला बसलेली. तीही त्याच प्रयोगशाळा सहायकाच्या यादीत होती, प्रतीक्षा यादीत चौथी. आणि या वर्षाअखेर तिची वयाची मर्यादा संपत होती. पुढच्या परीक्षेला ती बसूच शकणार नव्हती. म्हणजे यादी हलली तर नोकरी, नाहीतर कायमचा विषय संपला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर कोणी फार बोलत नसे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांचा जुना कॉम्प्युटर असतो. त्यावर मी तिला फीड रीडर बसवून दिला. तिने एक प्रश्न विचारला, "म्हणजे या खिडकीत काही आलं नाही, तर तिकडे काही झालंच नाही, असंच ना?"

"असंच," मी म्हणालो. "डोळे मिटून विश्वास ठेवा."

तिने ठेवला. सकाळी भाजी चिरण्याआधी ती एकदा खिडकी बघायची आणि कामाला लागायची. तिच्या आईने 'ऑफिसात जाऊन विचारून ये एकदा' म्हटलं, तर वहिनी म्हणाली, "कशाला उगाच चकरा? भाऊजींनी सोय करून दिली आहे." ते ऐकून मला जे बरं वाटलं ते मंजूर टिपणाच्या वरचं होतं.

मग मंडळाला नवे संचालक आले. नवा माणूस खुर्चीत बसला की त्याला आधी खुर्ची बदलावीशी वाटते, मग पडदे, मग वेबसाइट. यांनी तिन्ही एकदम बदलायला काढलं. सोबत एक दाढीवाला सजावटकार आणला. आम्ही त्याला रंगारी म्हणत असू, कारण त्याने पहिल्या बैठकीत पाऊण तास निळ्याच्या चार छटा दाखवल्या. भरती मंडळाची साइट. लोक तिथे नोकरी शोधायला येतात, आणि हा माणूस त्यांना आकाशी आणि अस्मानी यातला फरक दाखवत होता.

"आणि हे कोपऱ्यातलं नारिंगी काय आहे?" रंगारी म्हणाला. "सगळ्या रंगसंगतीचा सत्यानाश करतंय."

मी फीड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. संचालकसाहेबांनी मध्येच मोबाइल बघितला, चहा मागवला, आणि म्हणाले, "अहो, आजकाल फीड वापरतं कोण?"

"दर तासाला चारशे बारा जण," मी म्हणालो. आकडा मला पाठ होता. सर्व्हरच्या नोंदीत दिसायचं, चारशे बारा रीडर दर तासाला येऊन विचारून जायचे, नवीन काही आहे का.

"चारशे बाराच? आपल्याकडे लाखाने अर्ज येतात! काढून टाका ते. आणि ते ईमेलचंही नीट करा. नुसत्या सूचना काय पाठवता रुक्ष? आपण 'मंडळवार्ता' काढू. आठवड्याला एक अंक, संदेश, छायाचित्रं, उपक्रम. सूचना त्यातच शेवटी टाकू."

बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मानांना दुसरं काही येतच नव्हतं. मी बोललो, थोडं जास्तच बोललो. साहेब हसून म्हणाले, "तुमचा फार जीव आहे वाटतं त्या बटणात." सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, काकांच्या नकलेला हसायच्या तशाच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठीक आहे, मनात म्हटलं, काढा म्हणालात ना, काढतो. बघू मग कोण हसतं ते.

आता इथे मी काय केलं ते सरळ सांगतो. फीड बंद करायची एक रीत असते. माझ्या धंद्यातल्या कोणालाही ती ठाऊक असते, नवशिक्यालाही. बटण काढण्याआधी फीडमध्ये शेवटची एक ओळ टाकायची: 'ही फीड आजपासून बंद झाली आहे. यापुढे सूचना मिळणार नाहीत. कृपया साइट पाहा.' ती ओळ चारशे बारा जणांच्या समोर जाऊन पडते आणि ज्याचं तो बघतो. लिहायला अर्धं मिनिट लागतं.

मी ती ओळ लिहिली नाही. विसरलो नाही. लिहायला हात गेला होता आणि मी तो मागे घेतला. वापरतं कोण, असं विचारलंत ना? मग कोणाला कळवायचं? मी बटण काढलं, नवीन सूचना फीडमध्ये जाणं थांबवलं, आणि फीडची जुनी फाइल तशीच जागेवर ठेवली. माझा हिशोब असा होता की महिन्याभरात बोंब होईल. चारशे बारा माणसं फोन करून करून साहेबांच्या केबिनचं छत खाली आणतील, आणि मग साहेब मला बोलावून घेतील. मी काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

बोंब झाली नाही. होणार कशी? फाइल जागेवर होती. रीडर यायचे, फाइल मिळायची, चूक काहीच दिसायची नाही. फक्त नवीन काही नसायचं. चारशे बारा माणसं निवांत होती, कारण मी त्यांना वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं की काही आलं नाही म्हणजे काही झालं नाही.

हे मला आठवड्याभरात कळायला हवं होतं. मला कळलं नाही, कारण मी 'मंडळवार्ता'वर तोंडसुख घेण्यात गुंग होतो. पहिल्या अंकात साहेबांची सात छायाचित्रं होती, दुसऱ्यात अकरा. एकात ते झाडाला पाणी घालत होते आणि झाडाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत होते. मी तो फोटो टेबलावर चिकटवून ठेवला होता.

याच दिवसांत सकाळी चहा पिताना वहिनी म्हणायची, "अजून काही नाही बाई खिडकीत."

आणि मी पेपरातून मान वर न काढता म्हणायचो, "असेल तर येईलच."

चार महिने मी हे म्हणत होतो. चारशे बारा हा आकडा मला पाठ होता, पण त्यातला एक आकडा माझ्यासमोर बसून मला चहा देतो आहे, हे डोक्यात आलं नाही.

मधे पंधरा दिवस काकांचा फोन माझ्यापर्यंत आला नाही. शेवटी शहाणपण आलं वाटतं, असं मी मनाशी म्हणालो. मग एका सोमवारी साडेअकराला फोन वाजला आणि बाईंनी तो सवयीने माझ्याकडे वळवला.

"साहेब, मी काका बोलतोय. आज काही विचारायचं नाही. आभार मानायचे होते. पोरगी आज रुजू झाली."

"कुठे रुजू झाली?"

"अहो, आपल्या प्रयोगशाळेत! यादी हलली ना गेल्या महिन्यात. पहिल्या चौघांनी सात दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन यावं, नाहीतर पुढच्याला बोलावणार, अशी सूचना होती. बाईंनीच मला फोनवर सांगितलं. आमची पाचवी, म्हणून मग मी रोज बाईंनाच विचारत राहिलो. आठव्या दिवशी कळलं, चौथ्या नंबरची बाई आलीच नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असतात हो लोक," काका म्हणाले. "एवढा नंबर लागलाय, पण साधी चौकशी करायची नाही. बेफिकीर! बाकी तुम्ही माझं रोज ऐकून घेतलंत, वैतागला नाहीत. असं कोण करतं आजकाल?"

फोन ठेवल्यावर मी बाईंना विचारलं, चौथ्या नंबरचं नाव काय होतं. त्यांनी यादी काढून वाचलं. नाव मला ठाऊक होतंच, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "का, ओळखीची आहे?" बाई म्हणाल्या. "मंडळवार्तेत होती की सूचना. नवव्या पानावर."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. दुपारी तीनचा सुमार असेल. वहिनी टेबलाशी बसून एका निळ्या फायलीत कागद लावत होती. पदवीचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती, त्यांना छोट्या चिठ्ठ्या लावलेल्या. कॉम्प्युटर चालू होता आणि खिडकी उघडी होती. तिच्यात सगळ्यात वर चार महिन्यांपूर्वीची सूचना होती.

"आज लवकर?" ती म्हणाली. "बरं झालं आलात. म्हटलं, वर्ष संपत आलं, ऐनवेळी धावपळ नको. सगळं तयार ठेवलंय. नुसतं उचलून निघायचं."

"वहिनी, तुम्ही ते ईमेल नव्हतं घेतलं? मंडळवार्ता?"

"घेतलं होतं की. पण त्यात नुसते साहेबांचे फोटो. दोन अंक बघितले आणि बंद करून टाकलं. तुमचं खात्रीचं होतं ना."

मी उभ्यानेच सांगितलं. यादी गेल्या महिन्यात हलली, मुदत संपली, पाचवी रुजू झाली. आता काही होण्यासारखं नाही, कारण सूचना रीतसर लागली होती. फीड चार महिन्यांपासून बंद आहे. ती मी बंद केली. एक ओळ लिहायची असते, ती मी लिहिली नाही. सगळं सांगितलं, कारण अर्धं सांगितलं असतं तर घरातल्या सगळ्यांनी साहेबांना शिव्या घातल्या असत्या आणि मीही त्यात सामील झालो असतो. मी स्वतःला चांगला ओळखतो.

वहिनीने हातातला कागद फायलीत ठेवला. रडली नाही, ओरडली नाही. मग कोणी साधी माहिती विचारावी तसं तिने विचारलं, "का नाही लिहिलीत?"

"साहेबांना दाखवून द्यायचं होतं," मी म्हणालो. "फीड किती लोक वापरतात ते."

"मग?" ती म्हणाली. "कळलं का त्यांना?"

"नाही."

तिने फायलीतल्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि फाइल कपाटात सगळ्यात खाली ठेवली. मुलांची यायची वेळ झाली होती. तिने गॅसवर दूध ठेवलं.

मी तिच्या जागेवर बसलो, तिथूनच सर्व्हर उघडला आणि ती ओळ लिहिली. तासाभराने समोरच्या खिडकीत ती येऊन पडली. 'ही फीड बंद झाली आहे.' वहिनीने ओट्यापाशी उभं राहून ती वाचली आणि कॉम्प्युटर बंद केला.